काकांना चालू दे

एडमंटन,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "केमो संपली, आता सहा महिने ह्यांना जागचं हलू द्यायचं नाही." काका शेजारीच बसले होते म्हणून मी काही बोलले नाही. शिवाय फोनवर वाद घातला की तूच जिंकतेस. म्हणून सविस्तर लिहिते.

इथे माझ्याकडे तपासणीला येणारी बरीच माणसं काकांसारखीच असतात. कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो संपलेली, आणि एक जिना चढला की धाप. आम्ही त्यांना तोंडाला मास्क लावून सायकलवर बसवतो आणि पेडल हळूहळू जड करत जातो, माणूस "बास" म्हणेपर्यंत. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते त्यातून कळतं. फुप्फुसं, हृदय, रक्त आणि स्नायू ह्या चौघांची ती एकत्र परीक्षा. केमोत हिमोग्लोबिन उतरतं, काही औषधं हृदयालाही त्रास देतात, आणि वर पडून राहिलं की मांड्या-पोटऱ्या वाळतात. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांची अशी तपासणी केली, तेव्हा त्यांचा आकडा त्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या निरोगी बायकांपेक्षाही सरासरी २७ टक्क्यांनी कमी भरला.

पडून राहण्याचं तर विचारूच नकोस. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे पलंगावर ठेवलं होतं. त्यांची ही क्षमता पावपटीहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासलं, तर एकाचीही अवस्था त्या तीन आठवड्यांनंतर होती तितकी वाईट नव्हती. ती पोरं होती गं, काका अडुसष्टचे आहेत.

आता मुख्य गोष्ट. ह्याच वर्षी जूनमध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. आमच्या इथल्या अल्बर्टा विद्यापीठातले केरी कोर्निया आणि किंग्स्टनचे डॉ. क्रिस्तोफर बूथ त्यात पुढे होते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, ऑपरेशन आणि केमो पार पडलेले, बहुतेक कॅनडा-ऑस्ट्रेलियातले. बरेचसे काकांसारखे तिसऱ्या स्टेजचे, म्हणून तर मी एवढी अडून बसले आहे. निम्म्यांना आहार-व्यायामाची पुस्तिका दिली. उरलेल्यांना पुस्तिका दिलीच, शिवाय तीन वर्षं मागे लागणारा एक माणूस दिला. आधी दर पंधरवड्याला, मग महिन्याला. व्यायाम म्हणजे काही जिम नव्हे, बरेच जण नुसते भरभर चालायचे. आठ वर्षांनी पुस्तिकावाल्यांतले शंभरात ८३ हयात होते, व्यायामवाल्यांत ९०. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं, तेही वाढलं. स्नायू-सांध्यांची दुखणी मात्र व्यायामवाल्यांत जास्त झाली, तेही सांगून ठेवते.

हे सगळं औषधोपचार पुरे झाल्यावरचं आहे, त्याऐवजी नाही. शेजारच्या वहिनी गव्हांकुराचा रस पाजतात तो खुशाल पाजू देत, पण फॉलोअपची तारीख चुकवायची नाही.

आधी डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन, ईसीजी, पोटावरच्या टाक्यांच्या जागी हर्निया नाही ना, एवढं त्यांनी बघितलं की सकाळी मेणवलीच्या रस्त्याला लागा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. दर आठवड्याला थोडं वाढवत पाऊण तासावर न्यायचं, आठवड्यातून तीन-चार दिवस. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. घाटाच्या पायऱ्या सध्या नकोत. केमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिन ह्या औषधामुळे त्यांच्या पायांना मुंग्या येतात, पायरी नीट कळायची नाही. चपला नकोत, बूट हवेत, आणि रात्री तळवे बघायचे, कारण जखम झाली तरी त्यांना जाणवणार नाही. ताप असेल त्या दिवशी सुट्टी. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधडलं की तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन. "आज थकवा आहे" ही सबब मात्र चालणार नाही. ह्या आजारातला थकवा झोपून जात नाही, बेताचं चालल्यानं कमी होतो, हे कितीतरी अभ्यासांत दिसलं आहे.

लोक म्हणतील, आजारी माणसाला रस्त्यावर काढलं. म्हणू देत. वाईत कोण कशाला काय म्हणत नाही!

त्या अभ्यासातलं मला सगळ्यात पटलेलं सांगू? माहिती दोन्हीकडे होती, फरक मागे लागणाऱ्या माणसानं पाडला. आणि मागे लागण्यात तुझा हात आख्ख्या घराण्यात कुणी धरू शकत नाही. आत्ता "झोपा" म्हणून लागतेस, ते "चला" म्हणून लाग. तूही जा बरोबर, तुझ्या शुगरलाही बरं.

चालायला लागायच्या आधी ओंकारला एक काम सांग. सपाट जागी तीस मीटर मोजून दोन खुणा करायच्या, आणि काका त्यांच्यामध्ये सहा मिनिटांत एकूण किती चालतात ते मला व्हॉट्सॲपवर कळवायचं. महिन्याभरानं पुन्हा मोजू.

आणि काकांच्या बुटाचा नंबर लगेच पाठव. माझी मैत्रीण डिसेंबरात पुण्याला येते आहे, तिच्या बॅगेत अजून जागा आहे.

तुझी,
मनू