तंबोरा ठीक आहे, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आईनं सांगितलं, बाबांनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि शिकवणी बंद म्हणून मुलांना निरोप दिला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोन केला की बाबा, तुम्ही लगेच आईकडे देता, म्हणून लिहितेय. आई, हे मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. त्यांचं त्यांना वाचू दे.

बाबा, दिवाळीत पहाटे तुम्ही तंबोरा लावत होतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात सोऱ्या धूत होते. जोडीच्या तारा मिळाल्या होत्या, मला आतपर्यंत ऐकू येत होतं. तरी तुम्ही खुंटी सैल केली, परत ताणली. मणी खाली सरकवला, वर सरकवला. घोडीवरचं सूत काढून नवं घातलं. पाऊण तास हे चाललं होतं. शेवटी तार तुटली आणि तुम्ही तिच्याकडे नुसते बघत बसलात. त्याआधी दोनदा तो तंबोरा तुम्ही मिरजेला नेला होता. पहिल्यांदा कारागिरांनी घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा झणत्कार, काढून दिली. दुसऱ्यांदा पैसेच घेतले नाहीत, म्हणाले, "गुरुजी, यात दोष नाही." तुम्हाला ते पटलं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरचं कार्य असल्यासारखे पेढे वाटले होते तुम्ही. त्याच मिरजेच्या कारागिरावरचा तुमचा विश्वास उडाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

भाऊबीजेला मी मोबाइलवरचा तंबोरा पेटीच्या काळी एक पट्टीला लावून हेडफोन आधी तुमच्या डाव्या कानाला धरला. "काळी एक," तुम्ही तत्क्षणी म्हणालात. मग उजव्या कानाला धरला. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. "पांढरी दोन. तू पट्टी बदललीस." मी काही बदललं नव्हतं, बाबा. तुमचा चेहरा तेव्हा जसा झाला, तो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी समजावलं ते तुम्ही अर्धवट ऐकलंत, म्हणून पुन्हा सांगते. आतल्या कानात शंखासारखी, अडीच वेटोळ्यांची नळी असते. तिच्या तोंडाशी तार सप्तकाची घरं, टोकाशी खर्जाची. प्रत्येक सुराचं घर ठरलेलं. या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण १५,०००. एखाद्या घरातल्या पेशी निकामी झाल्या की तो सूर शेजारच्या घरातल्या पेशी उचलतात आणि मेंदू त्याला शेजाऱ्याचं नाव देतो. एकच कान असा बिघडला तर एका षड्जाचे दोन षड्ज ऐकू येतात. याला डिप्लॅक्युसिस म्हणतात. तुम्ही तारा मिळवत होतात, पण न मिळणारे होते तुमचे दोन कान. आणि जवारी बंद पडल्यासारखी वाटते त्याचं कारण आणखी वेगळं. जवारीचा झणत्कार म्हणजे तारेतून आपसूक उमटणारे वरचे बारीक स्वयंभू स्वर, आणि वय झालं की ऐकू येणं कमी होतं ते वरच्याच सुरांपासून. हा भाग दोन्ही कानांत आहे.

श्रावणात उजवा कान एकाएकी दडला होता, आठवतं? आईनं कोमट तेल घातलं, सर्दी असेल म्हणून आपण सगळ्यांनीच सोडून दिलं. फोनवर मीही "वाफ घ्या" एवढंच म्हटलं. असा कान अचानक दडला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं असतं. पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलं तर फरक पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आपण गेलो अडीच महिन्यांनी. आई, तू तेलाचा दोष लावून घेऊ नकोस. माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. पण आता डाव्या कानाला तसं काही झालं, तर रात्र असो की सण, रिक्षा करून निघायचं.

ते कानाचं यंत्र तुम्ही कपाटात टाकलंत, तुमचं बरोबरच होतं. दुकानदारानं तुम्ही गाता का एवढंसुद्धा विचारलं नाही. ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी लावलेली असतात. त्यांच्यात यंत्राचीच शिट्टी वाजू लागली तर ती दाबून टाकण्याची सोय असते, आणि तंबोऱ्याचा अखंड सूर तिला शिट्टीच वाटतो. ती तो दाबायला जाते आणि सूर थरथरू लागतो. तुम्ही म्हणालात ना, "तंबोरा रडतोय", तो हा प्रकार. यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्राम लावून घेता येतो, त्यात ही शिट्टीची सोय बंद करतात. उजव्या कानातला षड्ज त्यानं जागेवर येणार नाही, हे मी लपवत नाही. काहींचा मेंदू काही महिन्यांत जुळवून घेतो, काहींचा नाही.

फ्रान्समध्ये गाब्रिएल फोरे नावाचे संगीतकार होते. त्यांना खालचे आणि वरचे सूर बेसूर ऐकू येऊ लागले, स्वतःची रचनासुद्धा. तरी १९२० पर्यंत ते पॅरिसच्या संगीत विद्यालयाचे प्रमुख होते आणि १९२४ मध्ये, गेले त्याच वर्षी, त्यांनी शेवटची रचना पुरी केली. मी हे तुमची समजूत काढायला सांगत नाही. पन्नास वर्षांचा षड्ज तुमच्या गळ्यात आहे. डोळे मिटून, तंबोऱ्याशिवाय तुम्ही सा लावलात तेव्हा मी मोबाइलवर तपासला होता. काळी एक. तसूभरही हलला नव्हता.

आता एक अवघड गोष्ट. विश्रामबागेतून येणारी ती मुलगी. तिचा निषाद चढतोय म्हणून तुम्ही तिला महिनाभर रागावलात. आईनं तिचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, मी चार वेळा ऐकलं. निषाद ठीक होता, बाबा. तिला बोलावून तसं सांगा. तुमच्या वयाच्या माणसानं हे सांगणं सोपं नाही, पण पोर गाणं सोडायच्या बेतात आहे, असं तिची आई म्हणाली.

उजव्या कानात कापसाचा बोळा घाला, डावा कान तंबोऱ्याकडे करा आणि शिकवा. लावायचं काम मुलांना करू दे, त्यांनाही सवय होईल.

शनिवारी मी कोयना एक्सप्रेसनं येतेय. सोमवारी दोघं जाऊन यंत्र लावून घेऊ, आई तोवर कपाटातून काढून ठेवेल. तुटलेल्या तारेच्या जागी नवी पुण्याहून आणते. गवसणी मात्र मी यायच्या आधी काढा.

तुमची,
ताई