गुणाकार करण्याआधी

संपादक महोदय,

२०२५ च्या बजेटपासून नव्या करपद्धतीत पगारदारांना वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स नाही, तरी आमच्याकडे जर्मनीतला ५००० युरो पगार म्हणजे महिना पाच लाख असा गुणाकार चालूच आहे. भाच्याची स्टुटगार्टची पगाराची स्लिप बघितली, ५००० पैकी हातात साधारण ३२०० येतात, कारण एकटा म्हणून टॅक्स क्लास १, शिवाय पेन्शनला ९.३ टक्के, वर हेल्थ इन्शुरन्स, बेकारीचा विमा, आणि मग घरभाडं (ते ऐकून ताई गप्पच बसली). पण त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसाला १० युरो भरले आणि सुटला, इथे मी मेडिक्लेम असून डिपॉझिटसाठी रात्री एटीएम शोधत फिरलोय.

– एक वाचक, पुणे