टक्केवारीचा कागद आणि विद्यार्थिनीच्या वह्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतरही बाह्य परीक्षक म्हणून मी इतिहासाचे पदव्युत्तर संशोधन प्रकल्प तपासते. यंदा एकाच महाविद्यालयातील दोन प्रकल्पांच्या बाबतीत जे पाहिले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

पहिला प्रकल्प सत्यशोधक चळवळीवर होता. भाषा गुळगुळीत, प्रकरणे नेटकी, शुद्धलेखनाची चूक शोधूनही सापडू नये. एका तळटीपेत मात्र ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राच्या 1875 सालच्या अंकाचा दाखला होता, तोही पृष्ठक्रमांकासह. सत्यशोधक समाजाची स्थापना 1873 ची आणि कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केले ते 1877 मध्ये. म्हणजे पत्र निघण्याच्या दोन वर्षे आधीच्या अंकातला उतारा विद्यार्थ्याने दिला होता. विचारल्यावर त्याने काही लपवले नाही. चॅटजीपीटीने दिला, मी घेतला, असे सरळ सांगितले. या प्रकल्पाला जोडलेल्या, वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तपासणी अहवालात आधी छापलेल्या मजकुराशी साम्य होते फक्त 4 टक्के. जो मजकूर कोठे छापलेलाच नाही, तो जुळणार तरी कशाशी?

दुसरा प्रकल्प माझ्यापर्यंत आला तो ‘परत’ असा शेरा घेऊनच. एका मुलीने आपल्या गावच्या विविध कार्यकारी सोसायटीची जुनी इतिवृत्ते वाचून, म्हाताऱ्या सभासदांच्या मुलाखती घेऊन तो लिहिला होता. विभागाच्या आग्रहाखातर इंग्रजीत लिहिला, त्यामुळे वाक्ये लहान, साचेबद्ध, पाठ्यपुस्तकी. सॉफ्टवेअरने त्यातला 70 टक्क्यांहून अधिक मजकूर यंत्राने लिहिल्याचे ठरवले आणि विभागाने ‘10 टक्क्यांच्या नियमा’चा हवाला देऊन तो परत केला.

हा नियम असा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या विनियमांमधील 10, 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्या आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी असलेल्या साम्याच्या आहेत आणि त्यातूनही श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, सलग 14 शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य वगळायचे असते. साम्य दाखवता येते, कारण मूळ लेख शेजारी ठेवता येतो. ‘यंत्राने लिहिले’ हा मात्र सॉफ्टवेअरचा निव्वळ अंदाज असतो आणि त्याच्या शेजारी ठेवायला काहीच नसते. या दोन आकड्यांची गल्लत करून विद्यार्थ्याला शिक्षा करणे मला गंभीर वाटते.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारे साधन जानेवारी 2023 मध्ये आणले आणि अचूकता कमी पडते म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी सरासरीने यंत्राच्या नावावर टाकल्याचे दिसले. साधी, मोजक्या शब्दांची इंग्रजी लिहिणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी या चाळणीत सर्वांत आधी अडकणार, हे उघड आहे.

म्हणून हे तंत्रज्ञान वर्गाबाहेर ठेवा, असे मी म्हणत नाही. इंग्रजी लेखातला अवघड परिच्छेद समजून घेण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणचा विद्यार्थी त्याचा आधार घेत असेल, तर त्यात गैर काही नाही. (आमच्या वेळी हे काम वरच्या वर्गातले मित्र करीत, आणि त्यांना चहा पाजावा लागे.) मात्र कोणत्या कामासाठी वापर केला, हे त्याने प्रकल्पाच्या सुरुवातीला अर्ध्या पानात लिहावे, प्रत्येक तळटीप मूळ कागदाशी ताडून पाहिल्याची सही द्यावी आणि टिपणांच्या वह्या, पहिला कच्चा खर्डा तोंडी परीक्षेला सोबत आणावा. ‘हा पुरावा तुला कोठे मिळाला आणि त्याच्या विरुद्ध जाणारे काय सापडले?’ एवढे दोन प्रश्न विचारून 15 मिनिटे नीट बोलले, तर प्रकल्प कोणाचा हे बहुतेक वेळा कळते.

अडचण आहे ती या 15 मिनिटांची. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत, शिकवणारे तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे; प्रकल्प वाचण्याचे, खर्डा तपासण्याचे नाही. अशा वेळी बटण दाबून निघणारा टक्केवारीचा कागद सर्वांनाच सोयीचा वाटतो. विद्यापीठांनी सॉफ्टवेअरच्या वर्गणीबरोबर तोंडी परीक्षेच्या तासांचेही मानधन ठरवावे आणि केवळ यंत्राच्या अंदाजावरून कोणताही प्रकल्प परत करू नये, असे परिपत्रक काढावे, अशी माझी विनंती आहे.

त्या मुलीच्या तीन वह्या मी स्वतः चाळल्या. कोणत्या सालचे इतिवृत्त वाळवीने खाल्ले होते, हेही तिने तारखेसह टिपून ठेवले आहे. तसे मी विभागाला लेखी कळवले. उत्तराची वाट पाहत आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा