'सर्वश्री' तीन बहिणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलुंड पूर्वेला बेचाळीस बिऱ्हाडांच्या आमच्या सोसायटीची मी सचिव आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हाती पडायला हवी. त्यामुळे गणपतीच्या धामधुमीतच पाकिटांवर नावे घालण्याचे काम निघते. यंदा त्यातले एक पाकीट परत आले. पत्ता बरोबर, मजला बरोबर. फ्लॅट तीन बहिणींच्या संयुक्त नावावर आहे. आमचा हिशेब लिहिणाऱ्या मुलाने वर 'सर्वश्री' घालून खाली तिघींची नावे लिहिली होती. थोरलीने त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून शेजारी लिहिले होते, "आमच्यापैकी श्री. कोण, ते कळवावे."

मुलाला काय बोलणार? जुन्या फायलीत जे सापडले ते त्याने उतरवले. पाच-सहा पुरुषांची नावे ओळीने आली की प्रत्येकाला वेगळे श्री. नको म्हणून एकदाच 'सर्वश्री' लिहायचे, ही कचेरीतली जुनी सोय. बायकांच्या यादीसाठी तसा शब्द काही रुळला नाही. मला विचाराल तर एवढ्या बायका एका यादीत येतील हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आले नसावे. आता आमच्या भागपत्रांवर (शेअर सर्टिफिकेटांवर) आई-मुलगा, नवरा-बायको, दोन जावा अशा जोड्या सर्रास दिसतात. तिथे 'सर्वश्री' चालत नाही. 'श्री./सौ./कु.' असे छापून काहीच न खोडणे ही तर शुद्ध चालढकल झाली. सरळ उपाय एकच, प्रत्येक नावाला त्याची स्वतंत्र उपाधी द्यावी. शाई थोडी जास्त जाते, एवढेच.

पण बाईच्या नावामागे लावायचे काय? आपल्या मराठीत लग्न झालेली ती सौ., न झालेली ती कु. आणि नवरा गेलेली ती श्रीमती किंवा गं. भा. (गंगा भागीरथी), अशी वाटणी पक्की बसली आहे. हिंदीत मात्र श्रीमती म्हणजे विवाहित स्त्री. मुंबईत दोन्ही भाषांची पत्रे एकाच टपालपेटीत पडतात, म्हणून घोळ वाढतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू बँकेच्या पत्रावर 'श्रीमती' पाहून चिडल्या होत्या. "अहो, हे अजून घरात बसलेत, आणि बँकेने मला श्रीमती केलं!" त्यांची समजूत घालताना माझी पुरेवाट झाली. तरीही माझे मत श्रीमतीच्याच बाजूने आहे. श्री. लिहिताना त्या गृहस्थाची बायको हयात आहे की नाही, याची चौकशी कोणी करत नाही. मग पाकीट लिहिणाऱ्याला बाईच्या कुंकवाची माहिती कशाला हवी?

हे मी पुस्तकातून शिकले नाही. चोवीस वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर 'श्री. व सौ.' असे असायचे आणि पुढे फक्त यांचे नाव. सौ. म्हणजे मीच, हे घरच्यांना ठाऊक होते. हे गेले, आणि पुढच्या मार्गशीर्षात आलेल्या पत्रिकांवर मुलाचे नाव होते, मागे श्री. आणि पुढे 'आणि परिवार'. मुलगा तेव्हा बारावीत होता. एकाच पत्रिकेवर माझे नाव आले, तेही गं. भा. लावून. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, मी त्या लग्नाला गेलेही. पण एप्रिल २०२३ मध्ये मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा विषय पुढे आणला आणि टीका झाल्यावर अजून काही ठरले नसल्याचे सांगितले, तेव्हा मला ती पत्रिका आठवली. एक शब्द काढून दुसरा बसवायचा कशाला? दोन्ही नकोत.

जोडप्यांच्या पाकिटांची आणखी एक गंमत. पहिल्या मजल्यावर दोघेही डॉक्टर आहेत, त्यांना वर्षानुवर्षे 'डॉ. व सौ.' अशी पत्रे यायची. बाईंची पदवी कुठे गेली, असे कुणी विचारले नाही. 'डॉ. अमुक व डॉ. तमुक' लिहायला अवघड ते काय? उलट पुरुषांच्या बाबतीत हात सैल सुटतो. 'मा. श्री. डॉ. अमुक साहेब' यात एका माणसाला चार मान दिले आहेत. डॉ. असेल तर श्री. नको आणि मा. असेल तर साहेब नको. पद्म पुरस्काराचे नावही नावामागे लावायचे नसते. घटनेच्या १८व्या अनुच्छेदाने किताब बंद केले आणि हे पुरस्कार नावाला उपाधीसारखे जोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तरी आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेतही 'पद्मश्री' दिमाखात छापले जाते.

तर त्या तीन बहिणींना आम्ही 'श्रीमती' तीनदा लिहून नवे पाकीट पाठवले. संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "काकू, बाकी छान, पण माझ्या मागे काहीच नको. नुसतं नाव चालेल." मग मी सगळ्यांनाच एक कागद फिरवला, 'पत्रावर आपले नाव कसे असावे?' एकोणचाळीस जणांनी भरून दिला. नुसते नाव हवे असणारे अकरा, त्यांत पुरुष चार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ठळक अक्षरांत 'सौ.' लिहिले आहे, ते तसेच राहील. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी हुद्दा, श्री., नाव आणि शेवटी 'साहेब' असे सगळे लिहून दिले आहे. हुद्दा आम्ही ठेवला. साहेब गाळले.

— एक सचिव, मुलुंड (पूर्व), मुंबई