तिकिटं काढली

चि. मिनू,

तिकिटं काढली एकदाची, १२ जूनची. आईसाठी विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवलीय, पण तिला इतक्यात बोलू नकोस, नाहीतर येतच नाही म्हणून बसेल. व्हिसाचे कागद लावतोय, तुझं बोलावण्याचं पत्र आलं, आता बँकेचं स्टेटमेंट आणि तो ३० हजार युरोचा विमा राहिलाय, तो सक्तीचाच आहे म्हणे.

रविवारी फोनवर मी फार ओरडलो. "विकून टाक ती सायकल" हे अख्ख्या मजल्याने ऐकलं असं आई म्हणते. चुकलंच माझं. तुमच्या स्वीडनमध्ये, माल्मोत सगळेच सायकलने फिरतात हे मान्य, त्यांचे रस्तेही वेगळे आहेत हेही मान्य. आता तो विषय काढणार नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

कोपनहेगनला उतरून तिथूनच ट्रेन, अर्ध्या तासाच्या आत तुझ्याकडे, हे पाठ केलंय. आधी समुद्राखालून चार किलोमीटर बोगदा, मग भराव घालून केलेलं बेट आणि मग जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल, म्हणजे आपल्या वांद्रे-वरळी सी लिंकपेक्षा मोठाच. पण त्या पुलाचे फोटो बघताना मला वारा दिसतो गं. असल्या वाऱ्यात बर्फावरून दोन चाकांवर जायचं म्हणजे... बरं, राहू दे.

मला माल्मोची ती जुनी गोदी बघायचीय. चौतीस वर्षं डॉकमध्ये काढली म्हणून असेल, पण त्या क्रेनबद्दल वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. १३८ मीटर उंच क्रेन, अख्ख्या गावाची ओळख, आणि २००२ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईला एका डॉलरला गेली. नेताना लोक रडले म्हणे. त्याच भागात तो पिळलेला टॉवर, १९० मीटरचा, २००५ साली झाला. आपल्याकडे आप्पांच्या गिरणीचं काय झालं ते तुला माहितीच आहे. आप्पा शेवटपर्यंत त्या रस्त्याने गेले नाहीत, बसने वळसा घालून जायचे.

आईची बॅग आत्तापासून भरतेय. साजूक तूप, पेढे नेता येत नाहीत, दुधाचं काहीच चालत नाही युरोपात, हे सांगितलं तर दोन दिवस अबोला. आता सगळा भर कोकम आणि मेतकुटावर आहे. तुझ्या त्या मोलवांगेनच्या बाजारात भेंडी, कोथिंबीर सगळं मिळतं हे तिला पटत नाही. फलाफल म्हणजे वडाच की, असं तिचं मत झालंय. खाऊन बघेल तेव्हा बघेल.

खरं सांगू, मला सगळ्यात आधी तुझ्या खालच्या इराकी काकूंना भेटायचंय. तू सायकलवरून पडलीस त्या रात्री त्यांनी हात बांधला, सूप आणून दिलं. त्यांना त्याच रात्री कळलं आणि आम्हाला पंधरा दिवसांनी, तेही प्लास्टर चुकून कॅमेऱ्यात आलं म्हणून. तुझी भाषा त्यांना येत नाही, त्यांची तुला येत नाही, स्वीडिशही दोघींची मोडकीच, तरी कळलं. एकटीने परक्या गावात सगळं निभावलंस याचं मला किती कौतुक वाटतं ते तिथे आल्यावरही बहुतेक बोलता येणार नाही. आणि रागही तितकाच आहे, तो मात्र नक्की बोलता येईल.

आठवतं का, क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत भाड्याची सायकल, मी कॅरियर सोडला आणि तू गटाराच्या झाकणावर आपटलीस, हनुवटीला तीन टाके. घरी तू सांगितलंस जिन्यावरून पडले, कारण आई माझ्यावर चिडली असती. मी गप्प बसलो, वर तुला आइस्क्रीम दिलं. म्हणजे लपवायची सवय लावली कोणी? हे मला परवा रात्री सुचलं आणि मग उठून पाणी प्यायलो.

असो, लेक्चर झालंच. जूनमध्ये तिकडे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो म्हणे, म्हणजे आम्ही असेपर्यंत तरी तू उजेडात घरी येशील.

पासपोर्टची झेरॉक्स मेल केलीय, बघ.

बाबा

ता. क. आई विचारतेय, त्या काकूंना शाल आणू की साडी, आणि रंग कुठला. आणि सायकलचा पुढचा लाइट बदललास का?