उद्यमनगरच्या मामांना, उलट्या आट्याच्या नटबद्दल

नमस्कार मामा,

तुम्ही काय असलं वाचत बसणार नाही माहिताय, पण तुमचा नातू दिवसभर मोबाईलमध्येच असतो, तो दाखवेल. शॉपमध्ये थँक्यू म्हणलं तर तुम्ही नुसती मान हलवून पुढच्या जॉबला लागलात, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मामांचं उद्यमनगरात लेथचं शॉप आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातनं एक लोखंडी रंधा आणला, स्टॅनलेचा पाच नंबर, १४ इंची, दोन इंची पातं. असा रंधा बनवायची पद्धत लिओनार्ड बेली या कारागिराची, स्टॅनलेनं त्याचे पेटंट १८६९ मध्ये घेतले आणि आजपण बहुतेक लोखंडी रंधे तसेच बनतात. गंज वगैरे निघाला, ते काय विशेष नाही. पण पातं खालीवर करायचा पितळी नट गायब आणि मागच्या मुठीतला दांडा पण गायब, त्या जागी कुणीतरी खिळा ठोकलेला!

आता गंमत अशी की हे आटे दुकानात मिळतच नाहीत. मुठीच्या दांड्याला इंचाला २० आटे आणि जाडी साडेपाच एमएमच्या आसपास, म्हणजे मिलीमीटरच्या मापाचा एम ५ बोल्ट घातला तर खुळखुळतो आणि एम ६ आत जात नाही. नटाचं तर अजून वेगळं, ९/३२ इंच, इंचाला २४ आटे, आणि ते पण डावे, म्हणजे नेहमीपेक्षा उलटे. डावे का, तर नट उजवीकडे फिरवला की तो मागं येतो आणि मधला दुशाखी तुकडा पात्याला खाली ढकलतो, सुताराच्या हाताला तेच सरळ वाटतं. जो भेटेल तो म्हणायचा, होल मोठं करून एम ६ टॅप (होलात आटे पाडायचं हत्यार) मार आणि विषय संपव. बिडाच्या बॉडीत एकदा ड्रिल घातलं की परत काय भरून येत नाही हो, मला ते पटेना.

तुम्ही पहिल्यांदा रंधा हातात घेऊन काहीच बोलला नाही. आटे मोजायचा थ्रेड गेज लावला, भिंगातनं बघितलं, आणि म्हणलात "बॉडीला हात लावायचा नाही, नटच त्याच्यासारखा करू." मामा, खरं सांगतो, मला तिथंच निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

दांडा तुम्ही चहा यायच्या आत काढला, लेथचा लीडस्क्रू (टूल पुढं सरकवणारा लांब स्क्रू) इंची असल्यामुळं २० आट्यांना काही अडलं नाही. खरं काम नटाचं. एवढ्याशा होलात आतनं टूल घालून आटे पाडणं अवघड, म्हणून तुम्ही आधी टॅपच बनवला. सिल्व्हर स्टीलची, म्हणजे तापवून कडक करता येणाऱ्या पोलादाची, कांडी लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरून टूल चककडनं उलटं टेलस्टॉककडं, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडं, पळवत डावे आटे काढले, मग कानशीनं तीन खाचा, पुढचं टोक निमुळतं, मग गॅसवर लालबुंद करून तेलात. परत जरा तापवून गवती पिवळा रंग आल्याबरोबर तुम्ही ज्योत बाजूला केली ना, ते मी श्वास रोखून बघत होतो. एका नटासाठी एवढा खटाटोप, आणि बाहेर कंपनीचे जॉब पडलेले! नंतर पितळ टर्न केलं, दुशाखी बसायची खाच काढली, कडेला बोटाची पकड बसायला नर्लिंग (खरखरीत खाचा) मारलं, आणि नट रंध्याच्या स्टडवर (आट्याच्या खुंटीवर) बोटानं फिरत गेला, ना ढिला ना कडक.

मूठ मी शिसमची केली. तुम्ही सांगितलं तसं ठोकळा चौकोनी असतानाच दांड्याचं होल पाडलं आणि मग आकार दिला, नाहीतर गोलाई आल्यावर ड्रिल कुठं टेकवणार? लाकडाचे रेषे तळाला समांतर ठेवलेत, त्यामुळं वरचं शिंग मोडायची भीती कमी. पातं घासून सागवानावर चालवला तर अख्ख्या फळीचा एकसलग पापुद्रा निघाला.

मजुरी तुम्ही जी घेतली ती घेतली म्हणायची पण लाज वाटते, त्यावर मी परत वाद घालणार आहे. सागाचं एक स्टूल करतोय तुमच्या लेथजवळ ठेवायला, उभं राहून पाय दुखतात म्हणत होता ना. आणि तो टॅप मात्र कुणाला देऊ नका, अजून एक चार नंबरचा रंधा बघून ठेवलाय, त्याचा पण नट नाही.

तुमचा,
रंधेवाला