सहलीचा डबा घरचा, अंतर सूर्यास्ताचे

मा. संपादक,
स. न.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या की सहलींची पत्रके घरोघर जाऊ लागतात. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळच काय तो शाळांच्या हाती असतो. पुढे दहावी-बारावीच्या तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, शिष्यवृत्ती परीक्षा, आणि मधेच कुठेतरी स्नेहसंमेलन. या घाईत अलीकडे बस, नाश्ता, जेवण, प्रवेशाची तिकिटे असे सगळेच एखाद्या एजंटाकडे सोपवून पत्रकात ‘हॉटेलचे जेवण समाविष्ट’ असे ठळक छापले जाते. पालकांनाही ते बरे वाटते, कारण पहाटे उठून स्वयंपाक करायला नको. माझे म्हणणे नेमके उलट आहे. एका दिवसाच्या हिवाळी सहलीत दुपारचे जेवण घरच्या डब्याचे असावे आणि सहलीचे अंतर सूर्यास्ताकडे पाहून ठरवावे. या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, म्हणून एकाच पत्रात लिहीत आहे.

हॉटेलच्या जेवणाला पैसे लागतात त्याहून जास्त वेळ लागतो. बसभर मुले आणि चार-पाच शिक्षक एकदम उतरले की हंगामात बसायला जागा मिळेपर्यंतच अर्धा तास जातो. वाढणे, पुन्हा मागणे, हात धुण्याची रांग धरून सहज दीड तास होतो. तेच जेवण गडाच्या पायथ्याशी झाडाखाली सतरंजी टाकून अंगतपंगत केले तर अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. शिवाय कुठे थांबायचे हे हॉटेल ठरवते, म्हणजे मार्गही तेच ठरवते. आणि पनीरच्या तेलकट भाजीवर ताव मारून लगेच घाट उतरायला लागले, की पहिल्या दहा वळणांत काय होते ते सहलीला गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

मात्र ‘घरचा डबा’ एवढेच सांगून भागत नाही. काय द्यायचे ते पत्रकात लिहावे लागते. नाहीतर मुलांच्या डब्यात हमखास तीन गोष्टी निघतात: पुलाव किंवा मसालेभात, उकडलेल्या बटाट्याची भाजी, आणि चिप्सची पाकिटे. यातला भात सगळ्यात धोक्याचा. भातातल्या काही जिवाणूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. पहाटे चारला शिजवलेला भात गरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरला, की तो आतल्या आत कित्येक तास कोमट राहतो आणि तेवढ्या वेळात ती फोफावतात. त्यांचे विष पुन्हा गरम करूनही पुरते जात नाही. ‘थंडीच आहे, काही होत नाही’ हा समज चुकीचा आहे. बाहेर बारा अंश असले तरी दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या बसची डिकी चांगलीच तापते. बटाट्याची भाजी, ओले खोबरे, भरपूर कांदा घातलेले पदार्थ आणि उकडलेली अंडी यांचेही तेच.

प्रवासात टिकणारे पदार्थ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. पहिला मान दशमीचा. दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी किसलेला गूळ, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ आणि पाण्याऐवजी दूध, साधारण अर्धी ते पाऊण वाटी, लागेल तसे. दूध कोमटच हवे. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटते आणि कणकेत चोथ्यासारखे कण राहतात. गूळ विरघळला की पीठ आणखी सैल होते, म्हणून दूध एकदम ओतू नये. गुळामुळे दशमी लवकर करपते. आच मध्यमपेक्षा कमी ठेवावी, नाहीतर बाहेरून काळी आणि आतून कच्ची निघते. नीट भाजलेली, पुरती निवलेली दशमी थंडीत दोन दिवस सहज टिकते. म्हणूनच पहाटे उठण्याची सबब इथे चालत नाही. रात्री नऊला दशम्या भाजाव्यात, चाळणीवर किंवा सुती कापडावर पसरून निवू द्याव्यात, आणि झोपण्यापूर्वी डबा बंद करावा.

ज्यांना गोड आवडत नाही त्यांच्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या. दोन वाट्या कणकेला दोन चमचे बेसन, दोन चमचे बारीक रवा, चमचाभर तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ आणि दोन चमचे कडकडीत मोहन. पीठ घट्ट भिजवावे. सैल पिठाची पुरी तेल पिते आणि दुपारपर्यंत चामट होते. मेथीचे धपाटे थंडीत सगळ्यांनाच करावेसे वाटतात, कारण मेथी स्वस्त आणि कोवळी असते. पण मेथीला पाणी सुटते, म्हणून मीठ लावून पाच मिनिटे ठेवलेल्या मेथीतच आधी पीठ मिसळावे आणि मग लागेल तेवढे दही घालावे. वेगळे पाणी घालू नये. हे धपाटे त्याच दिवशी संपवावेत. बाजरीची भाकरी मात्र डब्यात देऊ नये. गरम असताना तिला तोड नाही, पण निवली की कडक होते. शिवाय बाजरीचे पीठ दळून आठ-दहा दिवस झाले असले की कडवट लागते आणि मूल डबा तसाच परत आणते. सहल संक्रांतीच्या आसपास असेल तर गुळपोळीसारखे दुसरे काही नाही, आठवडाभर हलत नाही. फक्त सारण आणि कणीक सारख्याच मऊपणाची हवी. सारण घट्ट राहिले तर लाटताना पोळी फाटून गूळ तव्यावर जळतो.

तोंडी लावायला शेंगदाण्याची किंवा सुक्या खोबऱ्याची लसणाची चटणी. लोणचे द्यायचेच असेल तर फोडी तेलातून निथळून छोट्या स्टीलच्या डबीत द्यावे. ॲल्युमिनियमच्या कागदात लोणचे बांधू नये, आंबट आणि खारट पदार्थ त्या कागदाला खातात. त्याच कागदात गरम पुऱ्या गुंडाळल्या तर आत घाम धरून त्या लिबलिबीत होतात. आणि पुऱ्या-दशम्या वर्तमानपत्रात बांधू नयेत, हे आपल्याच दैनिकाच्या स्तंभातून सांगताना थोडे संकोचायला होते. छपाईच्या शाईतले घटक तेलासोबत अन्नात उतरतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसे बजावलेले आहे. धुतलेला सुती रुमाल सर्वांत चांगला.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला दुपारी तीन दशम्या किंवा सहा-सात पुऱ्या पुरतात. त्याशिवाय दोन छोट्या पुड्या वेगळ्या बांधाव्यात. एक सकाळच्या थांब्यासाठी, त्यात एक दशमी. दुसरी चार वाजता परतीच्या वाटेवर, त्यात गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की. फळ म्हणून संत्रे किंवा पेरू द्यावा. केळे दप्तरात चिरडते आणि सगळे कपडे चिकट करते. पाण्याची लिटरची बाटली हवी. थंडीत तहान कळत नाही, आणि मोठ्या मुली स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी पितच नाहीत. संध्याकाळी डोके दुखते म्हणणाऱ्या मुलांमध्ये त्याच जास्त असतात. डबा आणू न शकणारे मूल प्रत्येक वर्गात असतेच. त्यासाठी शिक्षकांनी आपापल्या घरून दोन-दोन जादा डबे आणावेत आणि अंगतपंगतीत ते मधोमध ठेवावेत, म्हणजे कोणाचा डबा कोणता हे विचारावे लागत नाही.

आता अंतराविषयी. डिसेंबरच्या मध्याला साताऱ्यात सूर्य सातच्या जरासा आधी उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. हातात अकरा तासांचाच उजेड असतो. साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वर आणि पुढे प्रतापगड हे अंतर कागदावर जेमतेम ऐंशी किलोमीटर दिसते, पण त्यात केळघरचा आणि आंबेनळीचा असे दोन घाट आहेत. घाटात बसचा सरासरी वेग ताशी पंचवीस-तीसच धरावा. एक थांबा मोजला तर एका बाजूला तीन-साडेतीन तास जातात. साडेसहाला निघालेली बस दहाला पायथ्याशी पोहोचते. गड चढणे, पाहणे, उतरणे यात अडीच तास, मग जेवण. दीड वाजता परतीला लागले तर पाचच्या आत घर दिसते, आणि वाटेत फार तर आणखी एका ठिकाणी तासभर थांबता येते. पण पत्रकात काय असते? प्रतापगड, महाबळेश्वरचे दोन पॉइंट, पाचगणीचे टेबल लँड, वाईचा ढोल्या गणपती आणि मेणवलीचा वाडा, तेही एकाच दिवशी. मग शेवटची दोन ठिकाणे बसच्या काचेतून दाखवली जातात आणि घाट अंधारात उतरावा लागतो. दोन ठिकाणे पुरेत. त्यातले एक चढायचे आणि एक बसून पाहायचे असावे.

वेळ सर्वांत जास्त कुठे जातो, याचा हिशेब कोणी मांडत नाही. चव्वेचाळीस मुले, दोन स्वच्छतागृहे आणि प्रत्येकाला दोन मिनिटे धरली तर चव्वेचाळीस मिनिटे लागतात. चार असतील तर बावीस. म्हणून थांबा देखाव्यावरून नव्हे, स्वच्छतागृहांच्या संख्येवरून निवडावा आणि आधी कोणीतरी जाऊन पाणी आहे ना हे पाहून यावे. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड असायलाच हवेत.

बसमध्ये उलटी होणारी मुले बहुधा दोन प्रकारची असतात: काहीही न खाता आलेली, आणि निघताना आईने ग्लासभर दूध बळेच पाजलेली. दोन्ही टाळावे. निघण्याआधी तासभर थोडे कोरडे खाणे द्यावे. ज्यांना त्रास होतो त्यांना पुढच्या भागात, खिडकीशी बसवावे आणि दूरच्या रस्त्याकडे पाहायला सांगावे. मोबाइल पूर्ण बंद. शेवटच्या बाकासाठी मुलांची भांडणे होतात, पण मागच्या चाकांच्या मागे बसलेल्यांना सर्वांत जास्त हेलकावे बसतात. गोळी द्यायचीच तर पालकांनी डॉक्टरांना विचारून आणि प्रवासाच्या आधी द्यावी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही. दम्याच्या मुलांबाबत संमतीपत्रातच रकाना ठेवावा. थंड कोरड्या हवेत चढण चढताना त्यांना त्रास होण्याची शक्यता जास्त असते. त्यांचा पंप डिकीतल्या पिशवीत नको, मुलाच्या खिशात हवा. स्वेटरवर नाव घालावे. दुपारी ऊन लागले की गडावर काढून ठेवलेले स्वेटर ही प्रत्येक सहलीची कायमची देणगी असते.

दिवस निवडताना नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा थंड हवेच्या ठिकाणांसाठी पूर्ण टाळावा. पसरणीच्या घाटात तेव्हा वाहनांची रांग लागते. मंगळवार ते गुरुवार गर्दी कमी असते, पण स्थळांचे बंद वार पाहून घ्यावेत. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, आणि ही जोडी उलटी लक्षात ठेवून सहल नेणाऱ्या शाळांना बंद फाटकापुढे फोटो काढून परतावे लागते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, तरी पत्रकात त्याचे पैसे लावलेले दिसतात. पालकांनी ते जरूर विचारावे. एसटी शालेय सहलींना निम्म्या भाड्यात मिळते. मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन आगारात लवकर गेले पाहिजे, कारण डिसेंबरात सगळ्याच शाळांना त्याच बस हव्या असतात. शिक्षण विभागानेही सहलींच्या परवानग्या दिवाळीपूर्वीच दिल्या, तर शाळांना शेवटच्या क्षणी एजंटाकडे धावावे लागणार नाही.

परतीची वेळ पत्रकात लिहिताना आपल्या अंदाजापेक्षा एक तास उशिराची लिहावी. पाचला पोहोचणार असाल तर सहा. पालक शाळेच्या फाटकाशी थंडीत ताटकळत नाहीत, चालकाला घाटात घाई होत नाही, आणि वाटेत टायर पंक्चर झाला तरी कोणाच्या घरी फोन करावा लागत नाही.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका,
सातारा